वाफेच्या खोलीतला स्वेटर

लाँड्री रविवारी बंद असे, म्हणून या घरातली सगळी भांडणं रविवारी होत. बाकीचे दिवस बॉयलरच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, आणि म्हणूनच आपलं कुटुंब अजून एकत्र आहे, असं वडील म्हणायचे. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला जाऊनही दुसरं वर्ष सरत आलं होतं. घड्या घालायच्या ज्या लांब टेबलावर एरवी हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे रचलेले असत, त्याच्याभोवती आज चौघं बसली होती. थोरला दादा, त्याची बायको म्हणजे ताईची वहिनी, स्वतः ताई, आणि वडिलांची बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या. ज्याच्याविषयी बोलायचं होतं तो पाचवा, घरातलं शेंडेफळ, पलीकडे वाफेच्या खोलीत इस्त्रीच्या गार पडलेल्या रोलरला टेकून झोपला होता. अंगात स्वेटर, हनुवटी छातीवर.

"उद्या त्यांना कळवायचंय," दादा म्हणाला. "संस्थेत जागा एकच आहे. आपण नाही म्हटलं तर दुसरं कुणी घेईल."

"घेऊ दे," ताई म्हणाली.

"ताई, ऐकून तरी घे." वयाने मोठा असूनही तो तिला ताईच म्हणे. ती सगळ्या घराचीच ताई होती. "मी स्वतः बघून आलोय. स्वच्छ आहे, बाग आहे. त्याच्यासारखे बरेच जण आहेत तिथे."

"त्याच्यासारखा एकच आहे, आणि तो आत झोपलाय."

"तेच म्हणतोय मी. भर सकाळी झोपलाय. काल अभ्रे मोजता मोजता झोपला. परवा उभ्या उभ्या. त्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या, अशा माणसांना म्हातारपण लवकर येतं. चाळिशी ओलांडली की विसरायला लागतात. आधी मंदावतात, मग विसरतात, मग माणसं ओळखत नाहीत. आपल्याला झेपणार आहे का ते? माझे गुडघे बघ, तुझी पाठ बघ."

आत्याने शाल घट्ट ओढून घेतली. "आईच्या मागोमाग निघालाय तो. आईवेड्या पोरांचं असंच होतं."

मुकादम हे नाव त्याला वडिलांनी दिलं होतं. तो जन्मला तेव्हा ताई चौदा वर्षांची होती. डॉक्टरांनी आईला एका बाजूला घेऊन सांगितलं होतं की याला डाऊन सिंड्रोम आहे, याच्या अंगात एक गुणसूत्र जादा आहे. आईने तो शब्द ऐकला, त्याची घडी घातली आणि आत कुठेतरी ठेवून दिली. घरात तो पुन्हा कधी उच्चारला गेला नाही. तिचा नियम एकच होता. याला वेगळं वागवायचं नाही. भूक लागली की जेवेल, चुकला की बोलणी खाईल, आणि काम शिकेल. तो काम शिकला. इतकं शिकला की मिसरूड फुटायच्या आत टेबलापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहू लागला आणि घडीचा कोपरा जुळला नसेल तर एकच शब्द बोलू लागला, "परत." एकदा त्याने वडिलांची घडी परत घालायला लावली. वडिलांनी कारागिरांसमोर निमूट पुन्हा घातली आणि म्हणाले, "आजपासून हा मुकादम." तेव्हापासून या लाँड्रीतून वाकड्या कोपऱ्याची चादर बाहेर पडली नव्हती. मोठमोठी हॉटेलं इथेच कपडे टाकत, ते दादाच्या गोड बोलण्यामुळे असं दादाला वाटे. बाकीच्यांना खरं कारण ठाऊक होतं.

आणि आता हाच मुकादम कोपऱ्यांकडे बघतसुद्धा नव्हता. आवाज बसला होता. डोळ्यांखाली सूज. हाताची कातडी खळ जास्त झालेल्या कापडासारखी, बोट फिरवलं तर खरखर. आई गेल्यावर पहिले काही महिने तो रडला, ते सगळ्यांना समजलं. पण नंतर तो रडेनासा झाला आणि हळूहळू मंदावत गेला, ते कुणाला समजलं नाही. दुःख आहे, असं म्हणून सगळ्यांनी त्यावर पांघरूण घातलं. पांघरूण घालण्यात या घराचा हात कोण धरणार?

"दादा," ताई म्हणाली, "तू त्याच्याबरोबर शेवटची चादर कधी धरलीस?"

"मला कुठे वेळ असतो?"

"मी रोज धरते. म्हणून सांगते. तो विसरलेला नाही."

"ताई, माया वेगळी आणि..."

"माया नाही, हात सांगतात. आता ऐक. रोलरमधून चादर आली की मी दोन टोकं धरते, तो दोन. ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. तो येतो तेव्हा त्याचं उजवं टोक माझ्या डाव्या हातात बरोबर पडतं. मग वाकून खालची घडी उचलतो, तीही बरोबर. एकदासुद्धा चुकीच्या टोकाला गेला नाही. फक्त उशिरा येतो. मधे चादर लोंबते, इतका उशिरा. विसरणारा माणूस रस्ता चुकतो, दादा. हा रस्ता चुकत नाही. याच्या पायात कुणीतरी वजन बांधलंय."

दादा वाईट माणूस नव्हता. धाकट्याला खांद्यावर बसवून बाजार दाखवणारा तोच. पण साठी उलटल्यापासून त्याला एकाच गोष्टीची धास्ती बसली होती: आपण सगळे गेल्यावर याला कोण? त्या धास्तीला संस्थेच्या बागेत उत्तर सापडलं होतं, आणि सापडलेलं उत्तर सोडायला कुणाचं मन धजत नाही.

वहिनी इतका वेळ गप्प होती. लग्न होऊन आल्यापासून ती कपड्यांवर खुणा घालायच्या टेबलावर बसे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतल्या बाजूने लाल दोऱ्याची त्याची त्याची खूण. चार टाके, फुली, चौकोन. तिच्या हातून एका घरचा कपडा दुसऱ्या घरी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि सबंध संसारात तिने चारचौघांत नवऱ्याच्या विरुद्ध बोललेलंही कुणाला आठवत नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तो वाफेच्या खोलीत स्वेटर घालतो."

"मग?"

"वाफेच्या खोलीत. रोलर चालू असताना. मी तिथे जरा उभी राहिले तर मला घामाने आंघोळ होते. तो तिथे जाऊन बसतो, आणि आपण म्हणतो, बघा किती कामसू, रोलर सोडत नाही. तो कामाला नाही जात तिथे. त्याला थंडी वाजते."

दुसऱ्या कुठल्या घरात हे पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. दारं-खिडक्या लावून घेणारा, उन्हात शाल पांघरणारा माणूस लगेच नजरेत येतो. इथे मात्र घरातच एक भट्टी होती. मुकादम तिच्याजवळ सरकत गेला आणि सगळ्यांनी त्याच्या निष्ठेचं कौतुक केलं.

"सासूबाईंना असंच व्हायचं," वहिनी पुढे म्हणाली. "गळ्याची गोळी सुरू होण्याआधी. आठवतंय का वन्सं? हात गार, आवाज घोगरा."

"थायरॉइड," ताई हळूच म्हणाली.

"घ्या," आत्या म्हणाली. "आलंच शेवटी. तिच्या आईला गलगंड, तिला गोळ्या, आणि आता हा. मी तुमच्या वडिलांना तेव्हाच म्हटलं होतं, घराणं बघून मुलगी कर. आमच्यात कुणाला काही नाही."

आईने हे वाक्य आयुष्यभर ऐकलं होतं. मुकादम जन्मला तेव्हा ऐकलं, त्याला उशिरा बोलता आलं तेव्हा ऐकलं, स्वतःच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हाही ऐकलं. उत्तर तिने कधी दिलं नाही. एवढंच की, त्या दिवशी आत्याच्या चादरीला खळ जरा जास्त पडायची.

"उद्या रक्त तपासू," ताई म्हणाली. "दादा, त्यांच्याकडून आठवडाभराची मुदत मागून घे."

दादाने बायकोकडे पाहिलं. वहिनीने टेबलावरचा नसलेला चुरा पुसला आणि मान वर केली नाही.

"आठवडा," दादा म्हणाला. "पण काही निघालं नाही तर मी कळवणार."

"मीही येते," आत्या म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतात ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

इस्पितळात रक्त घ्यायच्या खिडकीपाशी रांग होती. ताईला वाटत होतं, मुकादम सुई बघून बिथरेल. म्हणून तिने पिशवीत गोळ्या-बिस्किटं घेतली होती आणि वहिनीला त्याचा दुसरा हात धरायला सांगून ठेवलं होतं. आत्या बाकावर काठी रोवून बसली होती. नाव पुकारलं तसा मुकादम उठला. स्वेटर काढून त्याची नीट घडी घातली, ती वहिनीकडे दिली, खुर्चीत बसला, डावी बाही वर केली, मूठ आवळली आणि छताकडे बघत म्हणाला, "हळू."

"हळूच घेणार," रक्त घेणारी बाई म्हणाली. आणि मग तिने मान वाकडी करून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अगं बाई, तुम्ही? कुठे होता इतके दिवस? आई नाही आल्या?"

"आई वर गेली," मुकादम म्हणाला.

बाईने कापूस भिजवला. "तरीच. मी म्हणतच होते, गेल्या वर्षी दिसल्या नाहीत." सुई लावता लावता तिने ताईला सांगितलं, "दर वर्षी यायच्या हो याला घेऊन. इतकासा होता तेव्हापासून. माझ्या आधी इथे ज्या बाई होत्या त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, हा आला की हळू म्हणतो, त्याचं ऐकायचं."

"दर वर्षी?" ताई म्हणाली.

"थायरॉइडसाठीच. या मुलांना लागतं ते, दर वर्षी बघावं लागतं. आईंनी कधी चुकवलं नाही."

मुकादमने कापूस दाबून धरला आणि वहिनीकडे बघितलं. "आता लिफ्ट."

तेव्हा ताईच्या डोक्यात उजेड पडला. लिफ्ट. दर वर्षी एकदा आई त्याला घेऊन बाहेर पडायची. कुठे विचारलं तर म्हणायची, त्याला उंच दुकानाच्या लिफ्टमध्ये बसायचंय. परत आली की तो सगळ्यांना सांगायचा, वर गेलो, खाली आलो. घरात सगळे हसायचे. दादा म्हणायचा, आई लाडावते त्याला. आणि दर वर्षी त्या लाडाच्या आधी एक सुई असायची, जिच्याविषयी तिने ना नवऱ्याला सांगितलं, ना पोटच्या पोरांना. ती गेली आणि लिफ्टही गेली. कोण नेणार? लाडच तर होता तो.

"मला तरी सांगायचं होतं तिने," ताई वहिनीला म्हणाली.

"तुम्हाला कळलं असतं तर तुमच्या दादांना कळलं असतं," वहिनी म्हणाली. "त्यांना कळलं असतं तर आत्याबाईंना. मग प्रत्येक वेळी तीच टकळी. त्यापेक्षा लिफ्ट बरी."

आत्या बाकावर हाताच्या अंतरावर होती, आणि तिचे डोळे अधू असले तरी कान तिखट होते. ती काठीच्या मुठीकडे बघत राहिली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा चौघं पुन्हा इस्पितळात आली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, ताईची मुलगी शोभाव्यात एवढ्या. पण बोलायच्या आधी त्यांनी मुकादमला बसायला खुर्ची दिली, बाकीच्यांना उभं ठेवलं आणि सगळं त्यालाच सांगितलं. ताईला त्या तिथेच आवडल्या.

"तुमच्या गळ्यात इथे एक ग्रंथी आहे," त्या म्हणाल्या. "शरीराची भट्टी किती पेटवायची ते ती ठरवते. तुमची थकली आहे. म्हणून थंडी वाजते, झोप येते. तुमचं काम काय असतं?"

"मी मुकादम," मुकादम म्हणाला.

"मग भट्टी विझली तर कारखाना कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे." त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "रोज सकाळी एक गोळी. उपाशी पोटी, पाण्याबरोबर. आणि त्यानंतर तासभर काही नाही. चहासुद्धा नाही."

"चहा नाही," मुकादमने गंभीरपणे नोंद घेतली.

"आणि विसरण्याचं काय?" ताईने विचारलं. "भाऊ म्हणतो, यांना म्हातारपण लवकर येतं."

"ते खोटं नाही. विसरण्याच्या आजाराचा धोकाही यांना जास्त असतो, आणि तोही त्याच गुणसूत्राशी जोडलेला आहे. पुढेमागे लक्ष ठेवावं लागेल. पण थायरॉइड न तपासता माणसावर तो शिक्का मारायचा नाही. थायरॉइड कमी पडला की चांगला तल्लख माणूसही विसरभोळा वाटतो. आधी भट्टी पेटवू, मग बघू काय उरतं ते."

आत्या खोकली. "डॉक्टर, एक विचारू? हे गळ्याचं याच्या आईकडून आलं ना? तिच्या माहेरी होतं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "आजी, माहेरी नसतं तरी याला होण्याचा संभव मोठाच होता. आपल्या सगळ्यांमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या असतात. याच्या एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन आहेत. म्हणजे त्याच्यावर जी काही जनुकं आहेत त्यांचं काम दीडपट चालतं. काम जास्त झालं की चांगलं होतं असं नाही. काही जणांची ग्रंथीच जन्मापासून जरा कमी भरते. आणि त्याच गुणसूत्रावर एक जनुक असं आहे की ते शरीराच्या पहारेकऱ्यांना शिकवतं, आपलं कोण आणि परकं कोण. याच्यासारख्यांमध्ये त्या शिकवणीचा तोल बिघडतो. मग पहारेकरी आपल्याच ग्रंथीला परकं समजून तिच्यावर धावून जातात. याच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या आहेत."

"म्हणजे खुणा घालणाऱ्याची गफलत," वहिनी एकदम म्हणाली. सगळे तिच्याकडे बघू लागले तशी ती संकोचली. "नाही, म्हणजे आमच्याकडे कपड्यावर खूण घालतात. खूण नीट पडली नाही की घरचा कपडा परक्याचा म्हणून बाहेर जातो. कपड्याचा काही दोष नसतो."

"हे मी यापुढे सगळ्यांना सांगणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या थट्टा करत नव्हत्या. "नेमकं कसं होतं ते आम्हालाही अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण गोष्ट साधारण अशीच आहे."

आत्या सहजासहजी सोडणारी नव्हती. "बरं, पण ते तिसरं आलं कुठून? आईकडूनच ना?"

"बहुतेक वेळा आईच्या बीजात होतं, कधी वडिलांच्या. पण तो वारसा नव्हे, आजी. पत्ते पिसताना कधी दोन पानं चिकटून येतात. त्यात पिसणाऱ्याच्या घराण्याचा काय संबंध? घराण्यातून चालत येणारी उदाहरणं फार थोडी, आणि हे त्यातलं नाही. ते याच्या लहानपणीच तपासलं आहे. जुना कागद याच्या आईंनी आमच्याकडे ठेवला होता."

आई सगळं विचारून बसली होती तर. दोष आपला नाही हे तिला इतकी वर्षं माहीत होतं, आणि तरीही एकदासुद्धा तिने ते आत्याच्या तोंडावर फेकलं नव्हतं. ताईला वाटलं, आपण आपल्या आईला घडीच्या वरच्या बाजूनेच पाहत आलो.

"ज्यांनी याला दर वर्षी आणलं," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "त्यांच्यामुळे हा चाळिशीपर्यंत धडधाकट राहिला. फार हुशार बाई असणार." मग त्यांचं लक्ष आत्याच्या शालीवर गेलं. "आजी, तुम्हाला गरम होत नाही इथे?"

"मला कधीच गरम होत नाही."

"आवाज असाच आहे पहिल्यापासून? झोप फार येते?"

"वय झालं माझं. आमच्या घराण्यात असलं काही नसतं."

"घराण्याचं रक्त नकोच आहे मला," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "तुमचं तेवढं देऊन जा."

मुकादम आत्याला घेऊन स्वतः खिडकीपाशी गेला. तिची बाही त्याने वर केली आणि त्या बाईला बजावलं, "हळू."

आत्याचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. तिचाही थायरॉइड कमी होता. वयाने होतं, बायकांना जास्त होतं, मुकादमच्या गुणसूत्राशी त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं. दादा ऐकून घेत होता आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता. घरात मात्र कुणी एक अक्षर बोललं नाही. वहिनीने फक्त दोन गोळ्यांच्या पट्ट्या एकाच कपात उभ्या करून ठेवल्या.

जादू झाली नाही. पहिले काही दिवस मुकादम तसाच होता, आणि दादा संस्थेच्या लोकांना आज-उद्या करत राहिला. मग एके दिवशी वाफेच्या खोलीच्या खुंटीवर स्वेटर लटकलेला दिसला. मग चेहऱ्यावरची सूज उतरली. ताईला चादरीतून कळत होतं. मधला झोळ कमी होत होता, आणि एका सकाळी ती वळायच्या आत त्याची दोन टोकं तिच्या हातात आली. त्या दिवशी तिने दादाला हाक मारली. "ये. धर चादर."

दादाने गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं, पण धरली. ताणली, झटकली, दोघे भाऊ एकमेकांकडे चालत आले. मुकादमने घडी टेबलावर ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि दादाकडच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"परत."

दादाने परत घातली. मग तोंड धुवायच्या निमित्ताने तो जो मागे गेला तो बराच वेळ आला नाही.

तरी प्रश्न उरलाच होता, कारण दादाची धास्ती गोळीने जाणारी नव्हती. रविवारी सकाळी तो टेबलापाशी आला तेव्हा ताई आणि वहिनी आधीच बसल्या होत्या. आत्याही होती, आणि तिच्यासमोर मुकादम पाण्याचा पेला घेऊन उभा होता.

"गोळी," मुकादम म्हणाला.

"घेते रे बाबा."

तिने घेतली. मग रोजच्या सवयीने तिचा हात वहिनीने आणलेल्या चहाकडे गेला. मुकादमने कपावर बशी पालथी ठेवली आणि तिच्या शेजारी बसला.

"त्यांचा पुन्हा फोन आला होता," दादा म्हणाला. "आज शेवटचं सांगायचंय. ताई, तू म्हणशील हा बरा झाला. झाला, मीही बघतोय. पण आपण सगळे उतरणीला लागलोय. त्या डॉक्टर काय म्हणाल्या तेही मी विसरलेलो नाही. उद्या खरंच विसरायला लागला तर? आपण नसलो तर? तेव्हा जागा मिळेल का?"

यात दादाचं खोटं काहीच नव्हतं. ताईने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "आमच्या दोन्ही मुलींना मी विचारलंय. धाकटी म्हणाली, काकाची घडी मी शिकते."

"ती आज म्हणेल. उद्या तिचा संसार."

"उद्याचं उद्या," आत्या म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं. या टेबलावर आत्या मुकादमच्या बाजूने बोलल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. तिचा आवाज पूर्वीसारखा घोगरा उरला नव्हता, आणि ते तिलाही नवीनच वाटत असावं.

"तुमची आई," ती म्हणाली, "मोठी पक्की बाई होती. दर वर्षी याला घेऊन जायची आणि मला पत्ता लागू दिला नाही. एका घरात राहून. माझ्या कानावर आलं नाही असं या गल्लीत काही घडत नसे, पण हे आलं नाही." तिने हात बशीकडे नेला. मुकादमने तो हळूच उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिने ठेवू दिला. "तिने जे एवढं राखलं, ते मी असेपर्यंत तरी या घरातून हलवायचं नाही. सांग त्या लोकांना."

"आत्या, पण..."

"पण नाही नि बिण नाही. हा गेला तर सकाळी मला गोळी कोण देणार? तू? तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

दादा उठून फोनकडे गेला. आतून त्याचा आवाज ऐकू आला, "नाही, ती जागा तुम्ही द्या दुसऱ्यांना. आमच्याकडे जमत नाही. नाही, तब्येत उत्तम आहे. कामच इतकं आहे त्याला."

आत्या ऐकत होती. फोन ठेवल्याचा आवाज आला तशी तिने शेजारी बघून विचारलं, "आता?"

मुकादमने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अजून नाही," तो म्हणाला.